पुस्तक वाचून दोन दिवस भारी वाटतं आणि तिसऱ्या दिवशी परत तेच, असं का होतं?

प्रश्न असा आहे: "मी २९ वर्षांचा, मूळ लातूर जिल्ह्यातला, सहा वर्षं पुण्यात एमपीएससी करतोय. चार अटेम्प्ट झाले, दोनदा मेन्सपर्यंत गेलो, एकदा तर अगदी थोडक्यात हुकलं. गावाला गेलं की सगळे निकालाचंच विचारतात म्हणून जाणंच बंद केलंय. २०२१ मध्ये वडील गेले, शेत आई बघते. मोटिव्हेशनची पुस्तकं भरपूर वाचली, वाचलं की दोन दिवस भारी वाटतं, तिसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या. आता मित्राने व्हिक्टर फ्रँकलचं 'मॅन्स सर्च फॉर मीनिंग' दिलंय, अर्धं वाचून ठेवून दिलं कारण त्या माणसाने जे भोगलं त्यापुढे माझं काहीच नाही असं वाटून स्वतःची लाज वाटली. पुस्तकाने खरंच आयुष्य बदलतं का, आणि बदलत असेल तर माझं का बदलत नाही?"

मी गेली २२ वर्षं समुपदेशक म्हणून काम करते, त्यातली बरीच वर्षं स्पर्धा परीक्षावाल्या मुलामुलींसोबत गेली आहेत, आणि हे पुस्तक मी किती जणांना दिलं आणि किती जणांना "आत्ता नको वाचूस" म्हणून सांगितलं याची मोजदाद नाही. तू माझ्या भाच्याच्या वयाचा आहेस म्हणून अरे-तुरे करतेय, चालवून घे.

आधी त्या लाजेचं बोलू, कारण तिथेच तुझं पुस्तक अडकलंय. नाझींच्या छळछावणीतल्या माणसापुढे माझी परीक्षा म्हणजे काय, असं वाटून पुस्तक बंद करणारा तू एकटा नाहीस, माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्मे तरी हेच म्हणतात. पण गंमत म्हणजे, नाही, गंमत नको म्हणूया, वाईट याचं वाटतं की या गोष्टीचं उत्तर त्याच पहिल्या भागात आहे आणि लाजेच्या भरात ते नजरेतून सुटतं. फ्रँकल तिथे दुःखाला वायूची उपमा देतो. रिकाम्या खोलीत वायू सोडला की तो थोडा असो वा जास्त, सगळी खोली भरूनच टाकतो, तसंच दुःख लहान असो मोठं असो, माणसाचं सगळं मन व्यापतं. म्हणजे ज्याने ऑशविट्झची छळछावणी पाहिली तो माणूस स्वतःच सांगतोय की तुझं दुःख माझ्या दुःखाशी मापू नकोस. मग आपण कोण मापणारे?

आता हा माणूस कोण होता ते थोडं सांगते, कारण बहुतेकांना तो फक्त 'छावणीतून वाचलेला' एवढाच माहीत असतो आणि त्याचं खरं काम त्याआधीच सुरू झालं होतं. जन्म १९०५, व्हिएन्ना. मेडिकलचं शिक्षण चालू असतानाच, विशीतच त्याने तिथे तरुण मुलांसाठी फुकट सल्ला केंद्रं सुरू केली, आणि १९३० च्या सुमारास शाळांचे निकाल लागायच्या वेळी खास मोहीम घेतली, कारण निकालाच्या दिवसांत मुलं जीव देत होती. हे वाचलं ना, की मला सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकाच दिसतात. शंभर वर्षांपूर्वी, दुसरा देश, दुसरी भाषा, आणि तरी निकालाची तीच भीती. पुढे १९३३ ते १९३७ तो व्हिएन्नाच्या मनोरुग्णालयात आत्महत्येच्या विचारांत असलेल्या बायकांचा वॉर्ड सांभाळत होता. म्हणजे १९४२ च्या सप्टेंबरमध्ये त्याला, त्याच्या बायकोला आणि आईवडिलांना थेरेसिनश्टाटच्या छावणीत नेलं तेव्हा हा माणूस 'जगायचं कशासाठी' हा प्रश्न घेऊन हजारो लोकांसमोर बसून झालेला होता. वडील तिथेच गेले. नंतर ऑशविट्झ, मग डाखाऊच्या अखत्यारीतल्या छावण्या, आणि २७ एप्रिल १९४५ ला सुटका. व्हिएन्नाला परतल्यावर कळलं की आई, भाऊ, बायको कोणीच उरलं नाही. त्याच अवस्थेत त्याने नऊ दिवसांत हे पुस्तक तोंडी सांगून लिहून घेतलं, १९४६ मध्ये ते आलं, आणि त्याला तर त्यावर स्वतःचं नावही घालायचं नव्हतं, फक्त कैदी नंबर घालायचा होता. एक बहीण तेवढी वाचली होती, ती ऑस्ट्रेलियात होती.

यात मला महत्त्वाचं काय वाटतं सांगू? ते पुस्तक कोणाला जोर यावा म्हणून लिहिलेलंच नाही. आणि तू ते जोर यावा म्हणून वाचतोयस.

दोन दिवस भारी वाटण्याचं असं असतं बघ. पुस्तक वाचताना लेखक पडतो, उठतो, जिंकतो, आणि आपण त्याच्याबरोबर पडतो उठतो जिंकतो, शेवटचं पान उलटलं की मेंदूला वाटतं काहीतरी झालं. झालेलं काहीच नसतं. खोली तीच, मेस तीच, लक्ष्मीकांतच्या राज्यघटनेवरच्या पुस्तकाचं तेच पाचव्यांदा अधोरेखित केलेलं पान, आणि मग तिसऱ्या दिवशी जे वाटतं ते आधीपेक्षा वाईट असतं कारण आता त्यात 'एवढं वाचूनही माझ्यात काही फरक नाही' हे पण मिसळतं. मग अजून एक पुस्तक, अजून एक रील, रात्री दोनपर्यंत. माझ्याकडे एक मुलगा यायचा, त्याच्या मोबाईलमध्ये प्रेरणादायी व्हिडिओंची यादी त्याच्या अभ्यासाच्या नोट्सपेक्षा मोठी होती, हुशार मुलगा, आणि तो आळशी मुळीच नव्हता, त्याला वेदना होत होती आणि ती थांबवायला हाताशी एवढंच होतं. तुझंही तसंच असावं असं मला वाटतं. त्यामुळे 'माझं का बदलत नाही' याचा अर्थ तुझ्यात काही खोट आहे असा लावू नकोस.

फ्रँकल प्रश्नच उलटा करतो. आपण सगळे आयुष्याला विचारत असतो की मला काय मिळणार, पोस्ट मिळणार का, मान मिळणार का. तो म्हणतो की विचारणारे आपण नाहीच, आयुष्य आपल्याला विचारतंय, रोज, दर तासाला, आणि उत्तर बोलून द्यायचं नसतं, वागून द्यायचं असतं. छावणीत दोन माणसं जीव द्यायचा विचार करत होती, दोघांचं म्हणणं एकच की आता आयुष्याकडून काही अपेक्षाच उरली नाही. एकाचं मूल परदेशात त्याची वाट बघत होतं, दुसऱ्याची शास्त्रीय पुस्तकांची मालिका अर्धी राहिली होती जी दुसरं कोणी पूर्ण करू शकलं नसतं. दोघांना उत्तर वेगळं मिळालं, आणि दोन्ही उत्तरं एकदम साधी होती, कोणीतरी वाट बघतंय, काहीतरी अर्धं आहे, एवढीच.

अजून एक प्रसंग आहे पहिल्या भागात, तो मी परीक्षेवाल्या प्रत्येकाला सांगते. छावणीतल्या एकाला फेब्रुवारी १९४५ मध्ये स्वप्न पडलं की ३० मार्चला आपली सुटका होणार. तो खुशीत होता. तारीख जवळ आली तशा बातम्या काही आशेच्या येईनात. २९ मार्चला त्याला अचानक ताप चढला, ३० ला शुद्ध हरपली, ३१ ला गेला. कारण टायफस. तसंच १९४४ चा नाताळ ते १९४५ चं नवीन वर्ष या आठवड्यात छावणीत मरणाऱ्यांची संख्या कधी नव्हे एवढी वाढली, काम वाढलं नव्हतं, जेवण कमी झालं नव्हतं, साथही नवीन नव्हती, फक्त लोकांनी मनाशी धरलं होतं की नाताळला आपण घरी असू, आणि ते झालं नाही.

तुझी ३० मार्च कुठली आहे रे? जाहिरात आली की, प्रीलिम्सचा कट-ऑफ लागला की, मेन्सचा निकाल लागला की मग जगायला सुरुवात करू, मग गावाला जाऊ, मग आईशी नीट बोलू, मग दात दाखवायला डॉक्टरकडे जाऊ. सहा वर्षं सगळं त्या एका तारखेच्या पलीकडे ठेवलंय आणि ती तारीख पुढे सरकते, कधी परीक्षाच पुढे जाते, कधी निकाल रखडतो. आशा असू नये असं मी म्हणत नाहीये, पण सगळी आशा एका तारखेला बांधली की ती तारीख चुकली की माणूस आतून कोसळतो.

आता तो भाग, ज्यासाठी खरं तर मी हे एवढं लिहितेय. पुस्तकाच्या शेवटी १९८४ मध्ये जोडलेलं एक प्रकरण आहे, जुन्या आवृत्तीत नसेल, तुझी आवृत्ती बघ. त्यात फ्रँकल त्याच्या एका जुन्या अभ्यासाबद्दल लिहितो, १९३३ चा, मंदीत नोकऱ्या गेलेल्या तरुण मुलांबद्दल. ती मुलं डिप्रेशनमध्ये होती आणि त्याच्या लक्षात आलं की त्यांच्या डोक्यात दोन चुकीची गणितं बसली आहेत: काम नाही म्हणजे मी निरुपयोगी, आणि निरुपयोगी म्हणजे माझ्या जगण्याला अर्थ नाही. त्याने काय केलं, तर त्या मुलांना युवक संघटनांमध्ये, प्रौढ शिक्षणाच्या वर्गांत, सार्वजनिक वाचनालयांत बिनपगारी कामाला लावलं. पगार नाही. पोटातली भूक तेवढीच. घरची परिस्थिती तीच. आणि तरी त्यांचं डिप्रेशन गेलं.

हे पान मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ बसून राहिले होते, कारण माझ्यासमोर रोज तीच मुलं बसत होती. पोस्ट नाही म्हणजे मी कोणीच नाही. हे तुझंही गणित आहे, तू लिहिलं नाहीस पण 'गावाला जाणं बंद केलंय' यात ते आहे.

माझ्याकडचा एक मुलगा, पाचवा अटेम्प्ट गेलेला, त्याला मी हेच करायला सांगितलं, त्याने आढेवेढे घेतले, अभ्यासाचा वेळ जाईल म्हणाला, शेवटी आठवड्यातून तीन संध्याकाळी एका रात्रशाळेत दहावीच्या मुलांना गणित शिकवायला लागला. दिवसभर हॉटेलात, गॅरेजमध्ये काम करून येणारी पोरं. महिन्याभरात त्याची झोप सुधारली. का, तर त्याच्याशिवाय मंगळवारी तिथे कोणाचं तरी अडत होतं, एवढंच. तो पुढे पास झाला का असं तू विचारशील, नाही झाला, आज तो दुसऱ्याच कामात आहे आणि बरा आहे, आणि मला तुला हे मुद्दाम सांगायचंय कारण 'आणि मग तो कलेक्टर झाला' असल्या शेवटांनीच तुझ्यासारख्यांचं जास्त नुकसान केलंय.

डिप्रेशनवरच्या उपचारात आज आम्ही जे बिहेवियरल ॲक्टिव्हेशन वापरतो ते पण याच वळणाचं आहे, मूड यायची वाट न बघता कृती ठरवायची, वेळ ठरवायची, करायची, मूड मागून येतो. कधी येत नाही, तरी कृती झालेली असते.

आता एक सावधगिरी, आणि ही मी ठासून सांगते. या पुस्तकाचा सगळ्यात मोठा गैरवापर म्हणजे 'सहन कर, दुःखातच अर्थ असतो.' फ्रँकल असं म्हणत नाही. तो स्वच्छ लिहितो की अर्थ सापडायला दुःख लागतंच असं नाही, आणि दुःख टाळता येण्यासारखं असेल तर अर्थपूर्ण गोष्ट एकच, त्याचं कारण दूर करणं. उगाच भोगत राहण्यात शौर्य नाही. माझ्याकडे एक ताई यायच्या, नवरा पिऊन मारायचा, त्यांना कोणीतरी असलीच पुस्तकं दिली होती मन खंबीर करायला, आणि त्या प्रामाणिकपणे मन खंबीर करत होत्या आणि मार खात होत्या. त्यांना पुस्तकाची नाही, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे नेणाऱ्या माणसाची गरज होती. मी आधी ते केलं. पुस्तक नंतर, खूप नंतर.

तुझ्याबाबतीत ही वाटणी कर, कागदावर, आज रात्री. वडील गेले हे टाळता येण्यासारखं नव्हतं. थोडक्यात हुकलेला निकाल आता बदलत नाही. पण पाचवा अटेम्प्ट द्यायचा की नाही, हा तर निर्णय आहे, नशीब नाही. वयोमर्यादा खुल्या गटाला ३८ आहे म्हणून ३८ पर्यंत थांबलंच पाहिजे असं कोणी सांगितलंय? द्यायचा असेल तर हा शेवटचा, सोबत दुसरी काय वाट, हे लिहून ठरव, घरच्यांना सांगून ठरव. सहा वर्षं गेली म्हणून सातवं घालवायचं, हे कारण धरू नकोस.

आणि एक गोष्ट मला खटकली, राग मानू नकोस. परीक्षेबद्दल तू एवढं लिहिलंस, अटेम्प्ट मोजून लिहिलेस, आणि वडील गेले हे अर्ध्या वाक्यात. माझा अनुभव सांगतो की असं अर्धं वाक्य जिथे असतं तिथे बरंच काही साठलेलं असतं. तेराव्यानंतर किती दिवसांनी पुण्याला परत आलास? त्यांच्याबद्दल कोणाशी बोललास का? बऱ्याच मुलांचं मी बघितलंय की अभ्यासात लक्ष लागत नाही म्हणून ते माझ्याकडे येतात आणि तिसऱ्या भेटीत कळतं की ते रडलेलेच नाहीत. आळस वाटतो तो कधीकधी शोक असतो, आणि शोकावर टाइमटेबल हा उपाय नाही.

व्हॉट्सॲपवर फ्रँकलच्या नावाने फिरणाऱ्या वाक्यांपासून जरा जपून राहा. 'घटना आणि प्रतिसाद यांच्यामध्ये एक मोकळी जागा असते' हे वाक्य त्याच्या पुस्तकांत नाही, आणि 'ज्याच्याकडे का आहे तो कसंही सोसतो' हे नीत्शेचं, फ्रँकलने त्याचं नाव घेऊनच ते दिलंय. वाक्यं चांगली आहेत, पण त्यांचं पोस्टर करून भिंतीवर लावलं की परत तेच दोन दिवसांचं भारी वाटणं.

म्हणून हे पुस्तक तू परत उघडणार असशील तर असं कर. एका बैठकीत संपवू नको, ते दीडशे-दोनशे पानांचं आहे, एका रात्रीत संपतं आणि तिथेच फसगत होते. दिवसाला आठ-दहा पानं, आणि रोज बंद करताना वहीत एकच ओळ, उद्या माझ्याकडून कोणाला काय हवंय. 'मला काय हवंय' नाही लिहायचं. सुरुवातीला ओळ सुचणार नाही, मग 'रूम पार्टनरचा फॉर्म भरायचाय' असलं काहीतरी सुचेल, ते चालेल, ते लिही आणि दुसऱ्या दिवशी ते कर. इंग्रजीत जड जात असेल तर मराठी अनुवाद घे, इंग्रजी सुधारायचं म्हणून हे पुस्तक वाचू नकोस. आणि पुण्यात अंधांसाठी लेखनिक म्हणून परीक्षेला बसणारी मुलं कायम कमी पडतात, हे काम तुला येतं, सहा वर्षं पेपरच लिहितोयस, ते विचारात घे.

पण हे सगळं कधी नाही, ते पण ऐक. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडालेली असेल, जेवण जात नसेल, कशातच मन लागत नसेल, किंवा 'आपण नसलेलं बरं' असा विचार एकदा जरी येऊन गेला असेल, तर पुस्तक बाजूला ठेव आणि आधी मानसोपचारतज्ज्ञाला भेट. गोळ्या लागल्या तर घे. फ्रँकल स्वतः डॉक्टर होता, न्यूरॉलॉजी विभागाचा प्रमुख होता, शरीराच्या आजारातून आलेलं डिप्रेशन आणि अर्थ हरवल्याची पोकळी या दोन गोष्टी तो वेगवेगळ्या धरायचा, पहिलीवर तत्त्वज्ञान पाजत बसायचा नाही. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तू असं काही लिहिलेलं नाहीस, तरी मी विचारतेय, कारण विचारल्याने कोणाच्या डोक्यात तो विचार घुसत नाही, उलट असलेला बाहेर येतो.

आणि पुस्तकाने आयुष्य बदलतं का, तर माझ्या पाहण्यात पुस्तकाने एकट्याने कोणाचं बदललेलं नाही. बदलणाऱ्याच्या खिशात ते होतं, असं मात्र बऱ्याचदा पाहिलंय.

आईला फोन कर. निकालाचं, अभ्यासाचं काही बोलू नकोस. सोयाबीन उगवलं का विचार, खताचं काय केलं विचार, आणि बाबांची एखादी आठवण तिच्याकडून काढून घे. ती रडली तर रडू दे, तुला रडू आलं तरी फोन ठेवू नकोस. मग पुढच्या शनिवारी लातूरची गाडी पकड, दोन दिवसांसाठी. कोणी निकालाचं विचारलंच तर 'नाही झालं काका' एवढं म्हणायची आधी दोन-तीनदा तयारी करून जा, मोठ्याने, आरशासमोर. जाऊन आलास की कसं झालं ते लिही, मी वाट बघते.